एका गुंडाळीत सगळ्या चांदण्या

मालनची आई तिच्याबद्दल एकच तक्रार करायची. पोरगी कामाला वाघ आहे, पण तिला चौकश्या फार. पाहुणा दारात आला की पाणी द्यायच्या आधी ही विचारणार, तुमच्या गावात विहीर किती परस खोल? कासार आला की बांगड्या भरून घेण्याऐवजी त्या कुठल्या भट्टीत होतात ते विचारत बसणार. संगमेश्वराकडच्या त्या खेड्यात शाळा सातवीपर्यंत होती आणि पुढची नदीपलीकडे, त्यामुळे शाळा संपली. चौकश्या काही संपल्या नाहीत. विसाव्या वर्षी लग्न होऊन ती जयगडला आली आणि पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांना तिने विचारलं, की भरतीचं पाणी रोज वेगळ्या वेळेला का येतं. सासरे जन्मभर मासेमारी केलेले. ते म्हणाले, "येतं ते येतं. तू भाकऱ्या बघ." पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच तिला तिथी आणि भरतीचा हिशोब बोटांवर शिकवला.

या गोष्टीला पंचवीस वर्षं झाली. आता मालन शिरधनकर जेटीजवळ चहाचं दुकान चालवते. वर पत्रे, पुढे सिमेंटचा ओटा, बाहेर दोन बाकं. सकाळी घावन, दहानंतर वडे, चहा दिवसभर. नवरा दीपक बंदरात मोठी जहाजं ओढणाऱ्या टगवर खलाशी आहे. मुलगी राही रत्नागिरीत एका लॅबमध्ये कामाला आहे आणि तिथेच मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. गिऱ्हाईक म्हणजे फेरीबोटीची वाट बघणारे, बंदरावरचे कामगार आणि मालाच्या ट्रकचे ड्रायव्हर. निम्मे लोक आता फोन दाखवून पैसे देतात, पण ड्रायव्हर मंडळी अजून नोटा काढतात. चहा पंधरा रुपये, त्यामुळे पाचाची नाणी मालनला सतत लागतात. दर सोमवारी गावातल्या बँकेतून ती दहा गुंडाळ्या आणते. खाकी कागदात वीस नाणी, एक गुंडाळी शंभराची. लागेल तशी ओट्याच्या कडेवर अंड्यासारखी आपटायची आणि गल्ल्यात मोकळी करायची. अशी वर्षानुवर्षं तिने ती फोडली, आणि आत काय आहे ते कधी पाहिलं नाही.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात एक तेलंगणाचा ड्रायव्हर चहा प्यायला. मालनने परत दिलेलं नाणं त्याने खिशात टाकलं नाही. उजेडात धरलं आणि हसला.

"ये हमारे इधर का है, अम्मा," तो म्हणाला. सालाच्या आकड्याखाली एक बारीक चांदणी होती, तिच्यावर त्याने नख ठेवलं. ही चांदणी असलेलं नाणं हैदराबादच्या टांकसाळीत पडतं, आणि त्याचं घर तिथून जवळच, असं त्याने आपल्या हिंदीत समजावलं. मेहुणा तिथे कामाला होता म्हणे. चहा संपवून तो निघून गेला.

मालनने गल्ल्यातलं दुसरं नाणं काढलं. त्यावरही चांदणी. तिसऱ्यावरही. नुकतीच फोडलेली गुंडाळी होती ती. तिने सगळी नाणी ओट्यावर ओळीने मांडली. काही काळवंडलेली, काही झिजलेली, एक जरासं वाकलेलं. सालंही वेगवेगळी. पण प्रत्येकाच्या सालाखाली चांदणी होतीच.

तिने दुसरी गुंडाळी फोडली. तिच्यात चांदणी एकावरही नव्हती. त्या सगळ्यांवर पत्त्यातल्या चौकटीसारखी बारकी खूण होती. तिसरीतल्या नाण्यांवर सालाखाली काहीच नव्हतं.

"मालनताई, वडा जळतोय," बाकावरून कोणीतरी म्हणालं. वडा खरोखरच जळला होता.

संध्याकाळी तिने राहीला फोन लावला. राहीने फोनवरच शोधून सांगितलं. देशात नाणी चार ठिकाणी पडतात. मुंबईची खूण चौकट, हैदराबादची चांदणी, नोएडाचा ठिपका आणि कोलकात्याच्या नाण्यावर खूणच नसते.

"मग एकेका गुंडाळीत एकाच गावची कशी?" मालनने विचारलं.

"टांकसाळीतून तशीच येत असतील, आई."

"टांकसाळीतून आली तर कोरी करकरीत नकोत का गो? आणि सगळी एका सालची? ही वापरलेली आहेत. एकाला तर हळद लागलीय."

राहीने आणखी थोडं शोधलं. मग म्हणाली, बँकेत मशीन असेल.

मालनला ते पटलं नाही. भाताच्या गोणीत हात घालून वीस दाणे काढावेत आणि वीसही एकाच शेतातले निघावेत, तसं होतं हे. एकदा झालं तर योगायोग म्हणू. तिने पुढचे दोन सोमवार आणलेली प्रत्येक गुंडाळी नीट बघून फोडली आणि कॅलेंडरच्या मागे खुणा करून ठेवल्या. दीपक जेवताना ते कॅलेंडर बघून म्हणाला, "हे काय, दूधवाल्याचं का?"

"चौकट आठ, कोरी पाच, चांदणी चार, ठिपका तीन," मालन म्हणाली. "भेसळ नाही एकातही."

"मग?"

"मग कोणीतरी बसून निवडतंय ना हे."

दीपकने आमटी ओरपली. "निवडेना का. नाणं खरं हाय ना?"

दुसरी गोष्ट तिच्या लक्षात आली ती जरा उशिरा. गुंडाळीच्या दोन्ही टोकांना कागद आत मुडपलेला असे आणि मध्ये रुपयाएवढी गोल फट राही. त्या फटीतून शेवटचं नाणं दिसे. नाणी एकावर एक सारखी रचली, तर एका टोकाला आकडा दिसेल आणि दुसऱ्या टोकाला सिंह. इथे दोन्ही टोकांना आकडा दिसत होता. प्रत्येक गुंडाळीत. म्हणजे गुंडाळणाऱ्याने एका टोकाचं नाणं मुद्दाम उलटं ठेवलेलं होतं. आकडा, त्याखाली साल, सालाखाली खूण. न फोडताच कळावं, की आतली कुठली आहेत.

त्या दिवसापासून मालन बँकेच्या काउंटरवरच गुंडाळ्या उलट्यासुलट्या करून बघू लागली. काउंटरवर श्रद्धा नावाची मुलगी होती, दोन वर्षांपूर्वी बदलून आलेली.

"काकू, काही खराब आहे का त्यात?"

"खराब नाही हो मॅडम. ही कोण गुंडाळतं ते सांगाल?"

श्रद्धाला आधी वाटलं, तक्रारच आहे. मालनने तिला टोकाची खूण दाखवली आणि एक गुंडाळी तिथेच फोडली. श्रद्धाने भिंग घेतलं, पाहिलं, मग आपल्या ड्रॉवरमधल्या आणखी दोन फोडल्या. मागे रांग लागली होती. एकाने घड्याळात पाहिलं.

"मशीन आहे आमच्याकडे," श्रद्धा हळूच म्हणाली, "पण ते फक्त जाडी आणि आकार बघतं. खूण बघणारं मशीन मी तरी पाहिलं नाही." तिने रत्नागिरीच्या मोठ्या शाखेत फोन लावला. तिथून कळलं ते असं. देवस्थानांच्या पेट्यांतून, एसटीच्या डेपोतून, दुकानांतून सुट्टी नाणी पोत्यांनी येतात. ती गुंडाळायचं काम एक निवृत्त शिपाई रोजंदारीवर करतो. आप्पा घवाळी. मिरजोळ्याला राहतो.

श्रद्धाने आप्पांना फोन करून एक बाई भेटायला येऊ इच्छिते म्हणून विचारलं.  म्हातारा म्हणाला, "दुसऱ्या शनिवारी या म्हणावं. बँकेला सुट्टी असते."

मालनने तोवरच्या सगळ्या गुंडाळ्यांची मोजदाद केली होती. एकतीस. आणि शेवटच्या पाचांतल्या दोन गुंडाळ्यांमध्ये तिला प्रथमच दुसऱ्या गावचं नाणं सापडलं. चौकटींत एक ठिपका, आणि कोऱ्यांत एक चांदणी. ती दोन नाणी तिने रुमालाच्या गाठीत बांधून बरोबर घेतली. का घेतली, ते तिलाही सांगता आलं नसतं. विचारायला बरी, एवढंच.

मालन रत्नागिरीला आली आणि राहीच्या स्कूटरवरून मायलेकी औद्योगिक वसाहतीच्या मागच्या रस्त्याने मिरजोळ्याला गेल्या. घर चिऱ्याचं, गिलावा न केलेलं. अंगणात सुपारी वाळत घातली होती. आप्पा दारातच उभे होते. उंच, सडपातळ, धुतलेला सदरा घातलेला. त्यांनी नमस्कारही धड केला नाही.

"किती कमी निघाली?" त्यांनी विचारलं.

"कमी?"

"नाणी. एकोणीस निघाली का कशात? सांगा. मी भरून देतो."

मालनला काही उमजेना. "कमी नाही हो आप्पा. सगळी वीसच्या वीस. मी दुसरंच विचारायला आले. एका गुंडाळीत सगळ्या चांदण्या निघाल्या, दुसरीत सगळ्या चौकटी. तुम्हीच निवडता ना ती?"

आप्पा तिच्याकडे बघतच राहिले. मग वळून आत म्हणाले, "सावित्री, बाहेर ये. कोणी आलंय."

सावित्रीबाई हात पुसत आल्या. त्यांना वाटलं पाहुणे. आप्पा म्हणाले, "या बायनी गुंडाळीतल्या खुणा ओळखल्या."

"कसल्या खुणा?" सावित्रीबाईंनी विचारलं. तेव्हा मालनला कळलं, की ही गोष्ट आप्पांनी घरातसुद्धा सांगितली नव्हती.

चहा झाला आणि मग ते बोलू लागले. नोकरीच्या शेवटच्या वर्षी त्यांनी बांधलेल्या गुंडाळीत एक नाणं कमी निघालं होतं. एका व्यापाऱ्याने भर बँकेत सगळ्यांदेखत एकोणीस नाणी काउंटरवर मांडून दाखवली. साहेब काही बोलले नाहीत, पाच रुपये आपल्या खिशातून देऊन मोकळे झाले. आप्पांना ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

"बत्तीस वर्षं नोकरी," ते म्हणाले. "एका रुपयाची चूक नाही. मग घरी येऊन विचार केला, झालं कसं? तेव्हा कळलं. नुसतं मोजायला लागलं की हात मोजतात आणि डोळे झोपतात. हाताला सवय असते, तो चुकला तरी पुढे जातो. डोळ्याला काम द्यायला हवं. मग मी खूण बघायला लागलो. खूण बघायची म्हणजे प्रत्येक नाणं हातात घ्यायलाच लागतं. चौकटवाली इकडे, चांदणीवाली तिकडे, ठिपक्याची, टिकलीवाली समोर, आणि बिनखुणेची मांडीजवळ. वीस झाली की गुंडाळायची. तेव्हापासून एकही कमी गेलं नाही. खोटं नाणंही लगेच सापडतं."

"आणि टोकाचं उलटं?"

आप्पा जरा ओशाळले. "ते कामाचं नाही. गुंडाळी बांधल्यावर माझं मलाच कळावं, कुठली आहे ती. पुढे वाटायला लागलं, कोणीतरी बघेल. विचारेल. आठ वर्षांत विचारलं नाही कोणी. साहेबांनी नाही, गिऱ्हाइकाने नाही."

"मी तरी कुठे बघितलं असतं," मालन म्हणाली. "त्या ड्रायव्हरला आपलं गाव दिसलं म्हणून."

मग आप्पांनी तिला उलट प्रश्न विचारायला सुरुवात केली. तिच्याकडे कुठली जास्त येतात? चौकट. त्यांच्याकडेही चौकटच, मुंबई जवळ ना. टिकलीवाली कमी? कमी. पण सुट्टीच्या मोसमात वाढतात, असं आप्पांचं निरीक्षण होतं. उत्तरेकडचे पर्यटक आले की त्यांच्या खिशातून येत असावीत. मालनला हे सुचलं नव्हतं. एकाच गावची दोघं परमुलखात भेटावीत, तशी ती बोलत होती. राही आणि सावित्रीबाई सुपारी परतायला अंगणात गेल्या.

"एकतीस बघितल्यात म्हणता," आप्पा म्हणाले. "सगळ्या बरोबर होत्या?"

मालनने रुमालाची गाठ सोडली. तिला त्यात काही वाईट वाटलं नाही. एवढ्या कामात दोन चुका, ती कौतुकानेच सांगत होती. "एकोणतीस बरोबर. ही दोन तेवढी चुकून आली. गेल्या आठवड्यातल्या गुंडाळ्यांत."

आप्पांनी नाणी घेतली, खिडकीपाशी गेले. एक नाणं डोळ्याजवळ धरलं, लांब धरलं, मान तिरपी केली. पुन्हा जवळ धरलं. मालन बघत होती. तिच्या हातात ते असतं, तर त्यावरची खूण तिला लगेच दिसली असती. आप्पा अंगठ्याने साल चोळत राहिले.

सावित्रीबाई दारात येऊन उभ्या होत्या. "दिसत नाय ना?" त्यांनी विचारलं.

आप्पांनी नाणी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली.

"भातात खडे यायला लागले तेव्हाच मला कळायला हवं होतं," त्या मालनला म्हणाल्या. "तांदूळ हेच निवडतात. मी म्हटलं रेशनचा वाईट आलाय."

"उजव्या डोळ्यासमोर धुकं येतं," आप्पा शेवटी म्हणाले. "दिवाळीच्या आधीपासून. सांगितलं असतं तर काम सोडायला लावलं असतंस."

 राही आत आली, तिने आप्पांना उजेडाकडे तोंड करून बसायला सांगितलं आणि डोळ्यात पाहिलं. ती डॉक्टर नव्हती, पण तिलाही बाहुलीवरचा दुधी पापुद्रा दिसला. मोतीबिंदू असेल, म्हणाली, अर्ध्या तासाचं काम असतं, घाबरण्यासारखं काही नाही. तिने ओळखीच्या दवाखान्याचा नंबर सावित्रीबाईंच्या फोनमध्ये घालून दिला.

परत येताना मालन स्कूटरवर मागे बसून रुमाल बोटाला गुंडाळत होती. काय झालं म्हणून राहीने दोनदा विचारलं.

"मी आपली चौकशीला गेले," मालन म्हणाली, "आणि त्या माणसाने आठ वर्षं जपलेलं आणि लपवलेलं, दोन्ही उघडं पाडून आले."

"बरंच झालं ना. डोळा गेला असता."

"बरं झालं ते खरं. पण मी काही त्यासाठी गेले नव्हते गो." हे तिला टोचत राहिलं. आयुष्यभर तिने प्रश्न विचारले होते, आणि उत्तर देणाऱ्याचं त्यात काय जातं याचा विचार तिने पहिल्यांदाच केला.

जानेवारीत ऑपरेशन झालं. त्या महिन्यात बँकेतून आलेल्या गुंडाळ्या दुसऱ्या कोणीतरी बांधल्या होत्या. टोकाला कुठे सिंह, कुठे आकडा. कागद घाईने मुडपलेला. फोडल्या की चारी गावची नाणी खिचडीसारखी ओट्यावर पडत. मालन ती मुकाट्याने गल्ल्यात टाकी. एकदा तिने आप्पांना फोन केला, तो सावित्रीबाईंनी घेतला. "झोपलेत," त्या म्हणाल्या. "डोळ्यात थेंब घातलेत. बरे आहेत. तुमची आठवण काढतात." मालनने फोन ठेवला आणि मग कितीतरी वेळ कपबश्या विसळल्या.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या सोमवारी श्रद्धाने खिडकीतून गुंडाळ्या सरकवल्या आणि नुसतं म्हणाली, "काकू, बघा." दोन्ही टोकांना आकडा होता. मालनने तिथेच एक फोडली. सगळ्या चांदण्या. दुसरी श्रद्धाने फोडली, तीही चोख. मागच्या माणसाने विचारलं की काय चाललंय, तेव्हा श्रद्धाने त्याला भिंग दिलं.

एप्रिलमध्ये आप्पा आणि सावित्रीबाई जयगडला आले. आप्पा सदुसष्टाव्या वर्षी जयगडला पहिल्यांदा येत होते. मिरजोळ्याहून जेमतेम दोन तासांचं अंतर, पण कधी काम पडलं नव्हतं. मालनने घावन आणि नारळाचा रस केला. दीपकची त्या दिवशी सुट्टी होती. नाण्यांबद्दल कोणी फारसं बोललं नाही. आप्पा बाकावर बसून खाडीकडे बघत होते. बंदराकडून एक भलं मोठं रिकामं जहाज बाहेर पडत होतं, त्याचा लाल तळ पाण्यावर आलेला.

"हे कुठलं?" आप्पांनी विचारलं.

"कोळशाचं," मालन म्हणाली.

"तसं नाही. कुठल्या गावचं?"

 मालनने दीपककडे पाहिलं.

"पाठीमागे लिहिलेलं असतं," दीपक म्हणाला. "नाव वर आणि त्याखाली त्याचं गाव. टग लावताना अगदी समोर येतं. पण गावं अशी, की आपल्या जिभेला वळत नाहीत."

"इतक्या वर्षांत मला कधी सांगितलं नाहीत?"

"तू विचारलं नाहीस."

हे खरं होतं, आणि मालनला त्याचं नवल वाटलं. जहाजं इतकी रोजची होती, की ती कुठून तरी आलेली असतील हे तिच्या मनातच आलं नव्हतं. तिने गल्ल्याशेजारची वही उघडली, एक पान फाडलं आणि पेन्सिलीसकट दीपकच्या हातात दिलं.

"उद्यापासून अक्षरं जशी असतील तशी उतरवून आणा."

दीपकने कुरकुर केली, पण पान घडी घालून खिशात ठेवलं. आप्पा म्हणाले की त्यांनाही कळवा, रविवारी ते घरीच असतात. आता दर रविवारी सकाळी मिरजोळ्याहून फोन येतो. मालन दीपकने आणलेली अक्षरं एकेक करून वाचते, राही ते गाव कुठल्या देशात आहे ते शोधून कळवते, आणि आप्पा ते लिहून घेतात. गणपतीपर्यंत सतरा गावं झाली. त्यातली तीन राहीलाही अजून सापडलेली नाहीत.